घोड्याचा ट्रेलर : कुलपं, कॅमेरे आणि वरातीमागून घोडं

पागावाला_मुळशी

मंडळी, इतके दिवस नुसता वाचक होतो. लिहायची वेळ आली ती अशी.

गेल्या मंगळवारी रात्री पौडच्या अलीकडच्या आमच्या जागेतून ट्रेलरच्या डाव्या बाजूची दोन्ही चाकं, स्टेपनी आणि बॅटरी गेली. खाली विटा रचून ट्रेलर व्यवस्थित टेकवून ठेवला होता, म्हणजे घाईत केलेलं काम नाही. उजवी बाजू भिंतीला चिकटून होती म्हणून तिकडची चाकं राहिली. तक्रार दिली, पंचनामा झाला. चाकं परत मिळतील ही आशा मी सोडली आहे.

ट्रेलर दोन घोड्यांचा, चारचाकी, भोसरीत करून घेतलेला. पत्र्याची बॉडी, वर फायबरचं छत, खाली चेकर्ड प्लेट आणि त्यावर रबर मॅट. ओढायला स्कॉर्पिओ. एक कुम्मैत मारवाडी घोडी आणि एक रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड. लेकीच्या सरावासाठी महिन्यातून दोन-तीनदा पहाटे शहरात न्यावे लागतात.

दुसरं दुखणं वेगळंच आहे. चांदणी चौक ओलांडला की घोडी मागे लाथा झाडायला लागते. उतरून बघावं तर शांत उभी, जणू मीच काहीतरी ऐकलं. आत काय चाललंय ते दिसायला हवं.

तर चोर आणि घोडी, दोघांवर एकाच खर्चात नजर ठेवता येईल असे कॅमेरे कुणी बसवलेत का? पंचवीसेक हजारांत बसावं.

ता. क. आमचा मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारा, रात्री तिथेच झोपतो. त्याला काही ऐकू आलं नाही म्हणे. असो.

पेठेतला_पाहुणा

शीर्षक तुम्हीच दिलंत म्हणून बरं, नाहीतर मी दिलं असतं.

वायरमन_भोसरी

गाड्यांचं इलेक्ट्रिकल हा माझा धंदा आहे. ट्रक, बस, दोन-चार घोड्यांच्या गाड्याही केल्यात. तुमचा प्रश्न एक दिसतो, पण कामं दोन आहेत. चालत्या गाडीत घोडा बघायचा कॅमेरा वेगळा आणि उभ्या गाडीवर चोर बघायचा वेगळा. एकाच कॅमेऱ्यावर दोन्ही मारायला गेलात तर दोन्ही अर्धवट.

आधी चालत्या गाडीचं. वायरलेसच्या नादी लागू नका. पत्र्याचा डबा, मध्ये स्कॉर्पिओची मागची पत्र्याची पाठ, सिग्नल येतो आणि जातो. आणि नेमका घाटात जातो. वायरचे एएचडी कॅमेरे घ्या, चार पिनांचे गोल जोड येतात तेच, आट्यांनी घट्ट होणारे. पाणी-धूळ आत न जाण्याचं मानांकन आयपी६७ किंवा त्यावरचं बघा, कारण ट्रेलर तुम्ही पाइपने धुणार आणि पाणी वरपर्यंत उडणार.

सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या अर्थिंगच्या. इंडिकेटर दिला की पडद्यावरचं चित्र टिकटिक बरोबर फडफडतं, ब्रेक दाबला की काळं होतं. लोक कॅमेरा बदलतात, पडदा बदलतात. घोडं पेंड खातं ते हुकापाशी. ट्रेलरच्या प्लगमधली अर्थची वायर गंजलेली असते, करंट टो बॉलमधून, म्हणजे हुकाच्या गोळ्यातून, वाट काढत परत जातो. बॉलला ग्रीस, त्यावर धूळ, मग काय होणार. कॅमेऱ्याला प्लस आणि मायनस दोन्ही वायरी स्वतंत्र ओढा, जाड ओढा, गाडीच्या बॅटरीजवळ फ्यूज टाका. दिव्यांच्या सात पिनी प्लगमधून कॅमेरा चालवू नका.

हुकापाशी वायरला वेटोळ्याची ढील ठेवा. सरळ रस्त्यावर पुरते म्हणून लोक ताणून बांधतात, पहिल्याच यू टर्नला तुटते.

आणि घोडा वायर चावतो. कंटाळला की जे तोंडापाशी येईल ते. वायर लोखंडी पाइपमधून न्या, प्लॅस्टिकच्या पट्टीतून नको.

पागावाला_मुळशी

वायरमनदादा, फार उपयोगी. कॅमेरे नेमके कुठे लावू? माझ्या मनात एक आत, पुढच्या वरच्या कोपऱ्यात, दोघांची तोंडं दिसतील असा. दुसरा बाहेर मागे, रिव्हर्सला.

टापांचा_आवाज

लाथा मागे मारते आणि कॅमेरा तोंडावर लावताय? दुसरा कॅमेरा आतच लावा, मागच्या फळीच्या वर, खाली पायांकडे बघणारा. रिव्हर्सला मोतद्दार खाली उतरून हात दाखवेल, आजवर दाखवतोच आहे.

मी शिकवते, त्यामुळे माझा पहिला प्रश्न घोड्याचा असतो. घोडी चांदणी चौकानंतरच का झाडते? चौकाच्या अलीकडे आणि पलीकडे काय बदलतं? रस्ता, वेग, आवाज, उतार? ते लिहून ठेवा, मग कॅमेरा बघा. एकटी नेता की दोघं? एकच घोडा असेल तर आपल्याकडे उजव्या कप्प्यात, चालकाच्या बाजूला उभा करतात, कारण रस्ता डावीकडे कडेला उतरता असतो. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, आणि मग एकटा घोडा पूर्ण वाटभर तोल सावरत राहतो.

आणि ते "असो" वाचलं. मोतद्दाराला तुम्ही नीट विचारलंत का, की फक्त "ऐकू आलं नाही का रे" असं विचारलंत?

घाटाची_घोडी

खेडकडचा हाय मी. आमच्याकडं बैलगाडा घाटात, म्हंजी शर्यतीच्या धावपट्टीवर, पळतो तवा म्होरं घोडी पळती, ती आमची. शर्यतीवरच्या बंदीच्या काळात विकली होती एक, डिसेंबर २०२१ ला कोर्टानं परवानगी दिल्यावर दुसरी घेतली. चैत्रात यात्रा लागल्या की एका आठवड्यात चार गावं. पिकअपमधी नेतो, तुमच्यासारखा ट्रेलर नाय.

आमचा कॅमेरा म्हंजी मागं बसलेला पुतण्या. घोडीनं कान पाडले की तो टपावर थाप मारतो, गाडी बाजूला. पडद्यात कान पाडलेलं दिसतंय का बगा आधी, मग पैसे घाला.

चोराचं म्हणाल तर एकच सांगतो. गाडी घोडीच्या नजरंसमोर लावा. रातच्याला अनोळखी माणूस आला की ती फुरफुरती, टाप आपटती. कुत्रं एखाद टायमाला भाकरीला फितंल, घोडी नाय.

महालक्ष्मी_रेसकोर्स

रेसच्या घोड्यांच्या गाड्यांवर बरीच वर्षं काढली. पावसाळ्यात पुण्याचा सीझन, हिवाळ्यात मुंबईचा, त्यामुळे खंडाळ्याचा घाट तोंडपाठ. आमच्या गाड्यांत सईस घोड्यांबरोबर प्रवास करायचा, त्यामुळे वरचा पुतण्या मला पटला. पण ओढायच्या ट्रेलरमध्ये माणूस बसवू नका, धोका आहे. तिथे कॅमेराच हवा.

पडदा मात्र चालकासमोर लावू नका. घोड्याने मान हलवली तरी नजर तिकडे जाते. कात्रजचा नवा बोगदा सोडून नवले पुलाकडे उतरताना मागे दोन टनांचा धक्का असतो आणि पुढे बंद पडलेला कंटेनर, तिथे एक सेकंदही देता येत नाही. शेजारी बसलेल्याच्या समोर पडदा लावा, त्याने बघावं, त्याने सांगावं.

आणि लेन्स पुसत चला. मुताच्या अमोनियाची आणि भुश्शाच्या धुळीची मिळून एक चिकट साय चढते. लोकांना वाटतं कॅमेरा बिघडला.

कलम_आणि_कागद

ट्रेलरची नोंदणी आरटीओत वेगळी होते, विमा पण स्कॉर्पिओच्या विम्यात आपोआप येत नाही. तुमचा आहे का? चासी नंबर कुठे ठोकलाय त्याचा फोटो, सगळ्या बाजूंचे फोटो, टायरवरचे नंबर, सगळं मोबाइलमध्ये नको, मेलवर ठेवा.

विषय निघालाच आहे तर, प्राणी वाहतुकीचे १९७८ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात घोड्यांवर वेगळा भाग आहे. मालवाहू मोटारीतून नेताना एका गाडीत चार ते सहाच जनावरं, प्रत्येक दोघांच्या मध्ये किमान ८ सेंटिमीटर जाडीचा बांबू, पायाखाली न घसरणारं काहीतरी, तोंडं डावीकडे म्हणजे शेजारून जाणाऱ्या रहदारीपासून दूर, सोबत एक माणूस आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आत. शिवाय पशुवैद्याचा प्रवासयोग्य असल्याचा दाखला.

पेठेतला_पाहुणा

ताशी ३५ ने बाह्यवळणावरून? मागचे हॉर्न ऐकून घोडा नाही, मालक लाथा झाडेल.

कलम_आणि_कागद

हसा. पण नियम लिहिणाऱ्याला घोडा कळत होता एवढं मात्र खरं. तोंड रहदारीपासून फिरवा, हे ऑफिसात बसून सुचत नाही.

टेकडीवरचा_टॅकर

कुलपांबद्दल कुणीच बोललं नाही अजून. हुकाला कपलिंग लॉक, एका चाकाला क्लॅम्प, आणि मागच्या फळीला जाड कडीचं कुलूप. धाब्यावर चहाला थांबतो तेव्हासुद्धा मी फळीला कुलूप लावतो. कुणी उघडून घोडा सोडला तर?

टापांचा_आवाज

घोडा आत असताना फळीला कुलूप अजिबात नको! हात जोडून सांगते. गाडी कलंडली, आग लागली, घोडा आत आडवा पडला, तर उघडायला हाताशी असेल तो कुणीही अनोळखी माणूस असतो आणि किल्ली तुमच्या खिशात. तुम्ही कुठे असाल त्या वेळी? घोडा आत असताना खीळ आणि तिला स्प्रिंगची पिन, बस. आत बांधायचंसुद्धा एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने. कुलूप रिकाम्या ट्रेलरला लावा, हवी तेवढी लावा.

टेकडीवरचा_टॅकर

पटलं. चहाला आता एकेक जण जाऊ.

वायरमन_भोसरी

आता उभ्या ट्रेलरचं. पागावाले, तुमच्याच पहिल्या पोस्टमध्ये उत्तर होतं. उजवी चाकं का वाचली? भिंतीला होती म्हणून. हुकाचं तोंड भिंतीकडे, एक बाजू भिंतीला, उघड्या बाजूला स्कॉर्पिओ आडवी. याला पैसा लागत नाही. मग लॉक नट, खास चावीशिवाय न सुटणारे, दर चाकाला एक. मग कॅमेरा.

कॅमेरा ट्रेलरवर लावू नका, ट्रेलरकडे बघणारा लावा. तबेल्याच्या खांबावर किंवा झाडावर, हात पोचणार नाही इतका उंच. सोलरवर चालणारा, सिमकार्डचा फोरजी कॅमेरा मिळतो, हालचाल झाली की मोबाइलवर कळवतो. पण आधी त्याच जागेवर उभं राहून तुमच्या मोबाइलला कुठल्या कंपनीची रेंज आहे ते बघा. मुळशीत एका टेकडीच्या आड गेलं की रेंज गुल, ताम्हिणीकडे तर विचारूच नका. आत मेमरी कार्ड हवंच, म्हणजे रेंज नसली तरी चित्रण राहतं. आणि पावसाळ्यात सोलरच्या भरवशावर राहू नका, मुळशीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू.

इन्फ्रारेडच्या समोर कोळी जाळं विणतो. उजेडाला किडे येतात, किड्यांना कोळी. रात्रभर पांढरं चित्र आणि पन्नास सूचना. आठवड्याला एक झाडू.

ट्रॅकर लावणार असाल तर फायबरच्या छताखाली लपवा, पत्र्याखाली सिग्नल मिळत नाही. स्वतःची बॅटरी असलेला घ्या, चोर पहिली गोष्ट बॅटरीच काढतो हे तुम्हाला कळलंच आहे. ते किल्लीला लावायचे बटणासारखे टॅग येतात ते आसपासच्या लोकांच्या फोनवर चालतात. शिवाररस्त्याला फोन कुणाचे असणार?

एक राहिलं. चोरी नको म्हणून हँडब्रेक ओढून ट्रेलर पावसात महिनाभर ठेवू नका, ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. चाकांना ठोकळे लावा.

घाटाची_घोडी

ह्यो माणूस पैसे घेत नाय का सांगायचे?

पागावाला_मुळशी (पाच आठवड्यांनी)

उशीर झाला, पण हिशेब द्यायला हवा.

आधी मामांचं, म्हणजे आमच्या मोतद्दाराचं. टापांचा_आवाज ताई, तुम्ही विचारलंत म्हणून नीट बसून बोललो. त्या रात्री थरोब्रेडला पोटशूळ झाला होता. मामा पहाटे तीनपर्यंत त्याला मागच्या आवारात दोरीने फिरवत होते. मला सकाळी त्यांनी सांगितलंही होतं, "रात्री फिरवला, आता लीद टाकली, बरा आहे." मी हो म्हणालो आणि दहा मिनिटांनी चाकं दिसली, त्यानंतर बाकी सगळं डोक्यातून गेलं. माझा घोडा वाचवणाऱ्या माणसाबद्दल मी इथे "म्हणे" आणि "असो" लिहिलं. मामा इथे वाचत नाहीत, त्यांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "चहा ठेवू का?"

खांबावर कॅमेरा लावायच्या आधीही त्यांना विचारलं, कारण त्यांची अंघोळीची मोरी त्याच बाजूला आहे. त्यांनी सांगितलं तेवढा कॅमेरा वळवला.

ट्रेलर आता तबेल्याच्या दारासमोर, घोडीच्या नजरेसमोर. खेडकर दादा, दुसऱ्याच रात्री एक वाजता ती फुरफुरली, मामा काठी घेऊन बाहेर. शेजारचा रेडा सुटून आला होता.

आता घोडीचं, हे जरा सविस्तर, कारण माझी फजिती यात आहे.

दोन्ही कॅमेरे आतच लावले, मागचा पायांवर. पडदा लेकीसमोर. पहाटे साडेपाचला निघालो, आत अंधार, चित्र काळं-पांढरं. चांदणी चौकापर्यंत गर्दी, वीसच्या वर काटा जात नव्हता. घोडी निवांत. चौक ओलांडून रस्ता मोकळा झाला, मी चाळीसला गेलो, आणि लेक ओरडली, "बाबा, साखळी!"

पिछाडीचा जो आडवा दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना खिळी आहेत आणि खीळ हरवू नये म्हणून प्रत्येकीला वीतभर साखळी. फॅब्रिकेटरने जरा जास्तच लांब ठेवलेली. वेग वाढला की ती झुलायला लागते आणि घोडीच्या मागच्या ढोपराला ठक, ठक. ती झाडते. मी थांबतो, साखळीही थांबते, घोडी शांत. इतके महिने मी उतरून बघत होतो ते एका थांबलेल्या साखळीकडे.

घरी येऊन पडद्यावर दिसली ती डावी साखळी काथ्याने घट्ट गुंडाळली. पुढच्या रविवारी चांदणी चौक, पुन्हा लाथा. पडद्यावर पुन्हा डावीकडचीच साखळी झुलतेय! मी गाडी बाजूला घेऊन आत गेलो, तर डावीकडे माझा काथ्या जसाच्या तसा. झुलत होती उजवीकडची.

वायरमन_भोसरी

हा हा. माझी चूक, सांगायचं राहिलं. ते कॅमेरे मूळचे रिव्हर्सचे असतात, चित्र आरशासारखं उलटं देतात. बहुतेकांच्या वायरीला एक छोटं रंगीत वेटोळं असतं, ते कापलं की चित्र सरळ होतं. कॅमेऱ्याचा कागद बघून कापा, दुसरं वेटोळं पडद्यावरच्या रिव्हर्सच्या रेघांचं असतं.

पागावाला_मुळशी

कापलं कालच. दोन्ही साखळ्यांवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला आणि लांबी निम्मी केली. काल येताना-जाताना एकही लाथ नाही. ढोपरावर आतल्या बाजूला रुपयाएवढा केस गेलेला डाग होता, खरारा करताना मामांना तो दिसला होता. माशी चावली असेल असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं.

टापांचा_आवाज

मला वाटलं होतं उतारामुळे असेल. चुकले. डागावर हळद लावा, आणि आठवडाभर पायाला पट्टी बांधूनच चढवा, तिच्या डोक्यातून ती साखळी जायला वेळ लागेल. लेकीला शाबासकी.

महालक्ष्मी_रेसकोर्स

पडदा चालकासमोर असता तर तिने नाही, तुम्ही बघितलं असतं, ताशी चाळीसला. एवढंच बोलतो.

कलम_आणि_कागद

विम्याचं काय झालं?

पागावाला_मुळशी

नव्हता. आता काढला. पुढचं विचारू नका.

खांबावरच्या कॅमेऱ्याने आजवर ६१ वेळा कळवलं. ५८ वेळा आमचं कुत्रं, ते ट्रेलरच्या फळीवर झोपायला येतं. दोनदा मामा. एकदा रेडा. सिमचा रिचार्ज संपतोय, करावा की नाही या विचारात आहे. मामा म्हणतात करा, रेडा परत येईल.

शेवटचा प्रश्न. डाव्या बाजूला नवी चाकं बसवली, पण नट पंक्चरवाल्याने हाताला लागले ते लावलेत. लॉक नट कुठे मिळतील?

वायरमन_भोसरी

नाना पेठ. माप तोंडी सांगू नका, मूळचा एक नट नमुन्याला खिशात घेऊन जा.

पागावाला_मुळशी

मूळचे तर चोरानेच नेले.

वायरमन_भोसरी

उजव्या बाजूचे आहेत की.